तांबड्या मोटारीचं दावं

शर्यतीची जुनी मोटार विकत घेताना काय काय पाहावं, असं लोक मला अजून विचारतात. सोलापूरच्या कोर्टात मी वीस वर्षं वकिली केली, पण कायद्यातलं मला कोणी फारसं विचारत नाही. मोटारीचं मात्र विचारतात, आणि विचारताना तोंडापुढे उपरणं धरतात. उपरण्यामागे काय चाललेलं असतं ते मला कळत नाही असं नाही. पण पक्षकार आला की सल्ला द्यायचा ही सवय हाडात मुरलेली आहे, म्हणून देतो.

पहिली गोष्ट ही की मोटार मला हौसेपायी नको होती. माझी सासुरवाडी मोहोळची. लग्नाच्या दिवशी नवरदेव म्हणून मी तिकडे निघालो, तेव्हा वाटेत आमच्या बैलगाडीचा आख मोडला. मुहूर्त टळायची वेळ आली, तेव्हा मागून येणाऱ्या एका कडब्याच्या गाडीवर मला मुंडावळ्यांसकट चढवण्यात आलं आणि त्या स्थितीत मी मोहोळच्या वेशीत शिरलो. माझे मेहुणे हिंदुराव ही हकिकत घरातल्या प्रत्येक बारशाला, मुंजीला आणि श्राद्धाला सांगतात. दरवर्षी तीत थोडी भर पडते. परवा परवा तर मी येताना वाटेत कडबा खाल्ला, इथपर्यंत गोष्ट आली होती.

हे मी सोसलं असतं. वकिलाला सोसायची सवय असते. पण माझी बायको वच्छला दरवर्षी रथसप्तमीच्या हळदीकुंकवाला माहेरी जाते. आगगाडीने जायचं, ठेसनावरून पायी घर गाठायचं. तिथे दारात हिंदुरावांची बायको, रंभावहिनी, ओवाळायचं ताट घेऊन उभी असायची, आणि गावच्या पन्नास बायकांदेखत तिचा एक प्रश्न ठरलेला असायचा. "वन्सं, यंदा कशावर बसून आलात?" मग पन्नास बायका हसायच्या. हे दहा वर्षं चाललं. चौतीस सालच्या संक्रांतीला वच्छला तांदूळ निवडता निवडता म्हणाली, की यंदा मी जाणार नाही. रडली नाही, चिडली नाही, नुसती म्हणाली आणि खडे वेचत राहिली. मला त्याचीच धास्ती बसली. मी एकदम बोलून गेलो, की यंदा तू मोटारीतून जाशील. तिने माझ्याकडे पाहिलं. न्यायाधीश माझ्याकडे पाहतात, तसंच.

बोललो खरं, पण मोटार आणायची कुठून? तेव्हा कोर्टातल्या एका शिरस्तेदाराने बातमी दिली, की अक्कलकोटकडच्या एका जहागीरदारांची मोटार विकायची आहे. जहागीरदारांचे धाकटे चिरंजीव ती पुण्याला शर्यतीत पळवायचे. आता ते विलायतेला गेले आणि मोटार सोलापुरातच, लष्कर भागातल्या त्यांच्या बंगल्यात पडून आहे. रंग तांबडा, बसायला दोनच जागा. म्हणूनच ती कोणी घेत नव्हतं. सोलापुरात एका घरात माणसं अकरा, दोघांची मोटार घ्यायची म्हणजे नऊ जणांशी वैर. किंमत काय पडली ते मी सांगणार नाही. ती वच्छलेला ठाऊक आहे, तेवढं पुरे.

ही गोष्ट मी कोणालाही सांगितली नव्हती, त्यामुळे ती दुसऱ्या दिवशी सगळ्या शुक्रवार पेठेला कळली. वरच्या मजल्यावरच्या गोजाबाईंनी जिन्यातूनच बजावलं, की तांबडा रंग नको, गल्लीतला मोकाट पोळ मागे लागेल. शेजारचे सोमलिंग कंपौंडर म्हणाले की इंजिन म्हणजे मोटारीचं काळीज, ते ऐकल्याशिवाय घेऊ नका. त्यांनी डॉक्टरांची छातीवर लावायची नळी एका दुपारपुरती मागून आणायचं कबूल केलं. मी म्हटलं, आणा. खरं सांगायचं तर माझा भरवसा यांपैकी कशावरच नव्हता. बार लायब्ररीत एक विलायती मासिक यायचं, त्यात जुनी मोटार घेणाराने काय तपासावं याची यादी होती. तीवरून मी बेचाळीस प्रश्न काढले आणि कारकुनाकडून फुलस्केपवर सुवाच्य अक्षरात उतरवून घेतले. साक्षीदाराची उलटतपासणी करतात तशी त्या मोटारीची करायची, असा माझा बेत होता.

त्याच सुमारास आमचे धोंडीराममामा मोडनिंबहून गड्ड्याच्या जत्रेला आले होते. संक्रांतीला सिद्धेश्वराची जत्रा भरते, तिच्याबरोबर जनावरांचा बाजार भरतो, आणि मामांना एक बैलजोडी घ्यायची होती. जनावर पारखण्यात मामांचा हात धरणारा माढा तालुक्यात कोणी नाही. मात्र वेळ फार लावतात. रोज सकाळी बाजारात जायचे, दिवसभर चाळीस बैल बघायचे आणि संध्याकाळी हात हलवत परत यायचे. मी सोमलिंगांना घेऊन मोटार बघायला निघालो, तेव्हा मामांचा बारावा दिवस चालू होता. मोटार म्हणजे नेमकं काय घेतोस ते बघतो तरी, म्हणत ते पायांत वहाणा सारून बरोबर निघाले. शिकलेल्या माणसाच्या कामात ही अडचण कशाला, असं माझ्या मनात आलं. पण मामांना नाही कोण म्हणणार.

आम्ही बंगल्याच्या फाटकात शिरलो तेव्हा लिंबाखाली मोटार उभी होती आणि तिचं इंजिन चालूच होतं. काय ती चमक, काय ते पितळी दिवे, काय तो थरथराट! मी तिथेच विरघळलो, पण चेहरा कोरा ठेवला. जहागीरदारांचे कारभारी बसलिंगप्पा पुढे आले. पांढरं धोतर, डोक्याला रुमाल, जन्म सगळा जहागिरीची गुरं घेण्या-विकण्यात गेलेला. म्हणाले, "या की वकीलसाहेब. तुमचीच वाट बघायलीय बघा ही."

मी फुलस्केप उघडला. बसलिंगप्पांनी बेचाळीस प्रश्नांना बेचाळीस उत्तरं दिली. मोटार नीट आहे का, व्हय की. कधी कुठे आपटली का, न्हाय की. तेल फार पिते का, छे की. कोर्टात एखाद्या साक्षीदाराने अशी उत्तरं दिली असती तर मी त्याची सालटी काढली असती. इथे मी प्रत्येक उत्तरापुढे बरोबरची खूण करत गेलो, आणि खुणा इतक्या सुबक आल्या की माझंच मला कौतुक वाटलं. सोमलिंगांनी नळी कानाला लावून तिच्या पुढच्या अंगाला चार ठिकाणी ऐकलं आणि ठोके जलद आहेत पण नियमित आहेत, असा अभिप्राय दिला.

मामा तोवर मोटारीभोवती दोन फेऱ्या घालून आले होते. चाकाच्या रबरावर थाप मारून पाहिली, पुढचं चाक धरून हलवून पाहिलं, मागे जाऊन धुराचा वास घेतला. मग इंजिनाच्या पत्र्यावर तळवा ठेवला आणि ठेवूनच उभे राहिले.

"आप्पा, अंग तापलंय हिचं," ते मला म्हणाले. "आपण यायच्या आधी लई येळ पळवलीया."

बाजारात व्यापारी सुस्त बैलाला गिऱ्हाईक यायच्या आधी दौडवून आणतात, म्हणजे तो तरतरीत दिसतो, असं त्यांचं म्हणणं. मग ते खाली वाकले. मोटार उभी होती तिथे कोणी नवी रेती पसरली होती. मामांनी पायाने ती बाजूला सारली, तर खाली गळलेल्या तेलाचा ताटाएवढा काळा डाग निघाला. जनावर घेताना जनावर कमी बघावं आणि ते बांधलेली जागा जास्त बघावी, एवढं बोलून ते माझ्या तोंडाकडे पाहू लागले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बेचाळीस प्रश्नांत बांधलेल्या जागेचा प्रश्न नव्हता, आणि हा खेडवळपणा बसलिंगप्पांपुढे चाललेला. मी विषय बदलून भोंगा वाजवून पाहिला. भोंगा उत्तम होता.

मग मी मोटार चालवून पाहिली. चालवायला मी एका पक्षकाराच्या फोर्डवर शिकलो होतो. मामांना शेजारी बसवलं आणि होटगीच्या रस्त्याने सोडली. सोडली म्हणजे तीच सुटली. माझी टोपी पहिल्या मैलात गेली ती आजतागायत मिळालेली नाही. मामांनी दोन्ही हातांनी दार धरलं होतं आणि डोळे मिटून ते सिद्धेश्वराचं नाव घेत होते. रस्त्यावरची माणसं वळून वळून बघत होती. वच्छला शेजारी बसली आहे आणि मोहोळची वेस जवळ येते आहे, असं मला दिसायला लागलं. त्या क्षणी मोटार माझी झाली. बाकीचं सगळं नुसतं कागदाचं काम होतं.

परत लिंबाखाली आलो. मामांनी उतरून धोतर झटकलं.

"पळतीया, ते कळलं," ते म्हणाले. "आता एकदा बसीव आन उठीव."

"म्हणजे काय मामा?"

"म्हंजी बंद कर. गार हू दे. मग आपण हितंच च्या पिऊ आन मग उठती का बघू. पळताना समदी जनावरं चांगलीच दिसत्यात. खरं काय त्ये उठताना कळतं."

आता तुम्हीच सांगा, दोन तास तिथे बसून मोटार गार व्हायची वाट बघायची, तीही कारभाऱ्यांदेखत? मी म्हणालो, मामा, हे यंत्र आहे, बैल नव्हे. जरा हसूनच म्हणालो. बसलिंगप्पा लगेच म्हणाले, "वकीलसाहेब शिकलेले हायत." या एका वाक्यावर मी विकलो गेलो. मामा लिंबाच्या पारावर जाऊन तंबाखू मळत बसले.

विक्रीचा कागद मीच लिहिला. असा लिहिला की त्यातून मुंगी निसटली नसती. दिवे, भोंगा, गाद्या, जादा चाक, पाना, पंप, सगळं नावानिशी. सही करायच्या आधी बसलिंगप्पा नम्रपणे म्हणाले, की दावं मात्र रिवाजाप्रमाणे आमच्याकडे राहील. हा रिवाज आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. बैल विका, गाय विका, ज्या दोरीने ते जनावर बांधलेलं असतं ती दोरी विकणारा देत नाही. दावं दिलं की गोठ्याची बरकतही त्याबरोबर जाते. मामांनी पारावरूनच मान डोलावली, की बरोबर हाय. मला हसू आलं. मोटारीला कसलं आलंय दावं? म्हातारा आहे, भाविक आहे, राहू दे त्याचं मन, असा उदार विचार करून मी स्वतःच्या हाताने शेवटचं कलम घातलं, की 'रिवाजाप्रमाणे दावं लिहून देणाराकडे राहील.' खाली सही केली आणि सोमलिंगांची साक्ष घातली.

मी मोटारीत बसलो. बसलिंगप्पांनी बैठकीमागून एक वाकडी लोखंडी दांडी काढली, रुमालात गुंडाळली, कपाळाला लावली आणि काखेत धरून बंगल्यात गेले. मला वाटलं, आवराआवर चालली आहे. मी त्यांना हात हलवून निरोपही दिला.

घरापुढे सगळी पेठ जमली होती. वच्छला हळदकुंकू घेऊन बाहेर आली. पूजेच्या वेळी थरथराट नको म्हणून मी मोठ्या ऐटीत इंजिन बंद केलं. वच्छलेने चाकांना हळदकुंकू वाहिलं, गोजाबाईंनी दृष्ट काढली, नारळ फुटला, आणि मी वच्छलेला शेजारी बसवून मोटार चालू करायचं बटण दाबलं. काही झालं नाही. पुन्हा दाबलं. ते बटण, नंतर कळलं, धाकट्या चिरंजीवांच्या वेळेपासूनच शोभेचं होतं. मोटार चालू करायची ती पुढून दांडी घालून, गरगर फिरवून. कोणीतरी विचारलं, दांडी कुठाय. आणि मला बसलिंगप्पांची काख आठवली.

मी तसाच टांग्यातून लष्करात गेलो. जाताना बाजारातून मामांना उचललं, म्हटलं आपल्या बाजूचा एक माणूस असावा. बसलिंगप्पांनी आम्हाला चहा दिला, चिवडा दिला, आणि दांडी द्यायला साफ नकार दिला. लबाडी म्हणून नव्हे. एका सालात त्यांनी एक गाय दाव्यासकट दिली होती, तर वर्षात गोठ्यातली अकरा दावणी रिकामी झाली, असं सांगताना त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी मामांकडे पाहिलं. मामांनी पंचाच्या थाटात विचारलं, की हिला जागची उठवताना तुम्ही काय धरत होता. बसलिंगप्पा म्हणाले, हेच की. मामा म्हणाले, मग दावं हेच. निकाल लागला.

"दावं घेणाऱ्यानं आपलं आणायचं असतंय, आप्पा," मामांनी वर मलाच समजावलं, आणि खांद्यावरचं नवंकोरं दावं दाखवलं. बैल मिळाला नव्हता, पण दावं त्यांनी मोडनिंबहून निघतानाच आणलं होतं. कोर्टात जाणं मला शक्य नव्हतं. शेवटचं कलम माझ्याच अक्षरात होतं, आणि ते मोठ्याने वाचायला सगळा बार जमला असता.

धोंडप्पा लोहाराने मापाची दुसरी दांडी करून दिली. दांडी झकास बसली. पण मोटार गार असताना उठतच नव्हती. मामा जे म्हणाले होते ते अक्षरशः तसंच. शंभर वेळा फिरवावं तेव्हा एकदा फुरफुरायची आणि दांडी उलटी मारायची. तिसऱ्या दिवशी तिने माझं मनगट मुरगाळलं. गळ्यात हात बांधून मी युक्तिवाद केला, तर समोरच्या वकिलाने काय झालं म्हणून विचारलं, आणि मी घोड्यावरून पडलो असं सांगितलं. घोडं सांगायला बरं वाटलं.

मग शोध लागला की उतारावर सहा माणसांनी ढकलली की ती उठते. रेल्वेच्या पुलाला बरा उतार आहे. सहा माणसं मिळायची सकाळी, गिरणीचा भोंगा झाला की. पाळीवर निघालेले विणकर वाटेवरच असायचे, ते येता येता हात लावायचे. म्हणून अकराच्या कोर्टाला मी सातला निघायचो. नावावर करून घ्यायला कचेरीत गेलो, तर कारकुनाने मोटार स्वतःच्या पायांनी फाटकातून आत आली पाहिजे, असा नियम दाखवला. माझी ढकलत आली होती. ढकलत्या वाहनाची नोंद आमच्याकडे होत नाही, म्युनिसिपालिटीत बैलगाड्यांची चाकपट्टी घेतात तिकडे जा, तो म्हणाला. तिकडच्या कारकुनाने इंजिनावर बोट ठेवलं आणि मला परत धाडलं. चौथ्या फेरीला मोटार आपण होऊन आत शिरली, ती थांबेचना. कारकून टेबलासकट मागे सरकला आणि त्याने घाईघाईने शिक्का मारला.

रथसप्तमीच्या आदल्या रात्री वच्छलेने फक्त विचारलं, की मी आगगाडीने जाऊ का. मी म्हणालो, मोटारीतूनच. आणि मी प्रतिज्ञा केली, की एकदा उठली की मोहोळपर्यंत तिला बसू द्यायची नाही.

सकाळी भोंग्याला सोमलिंगांनी आठ माणसं जमवली. उतारावर पहिल्याच हिसक्याला मोटार उठली. वच्छला हिरव्या लुगड्यात, मांडीवर वाणाचं ताट. पुणे नाका गेला, बाळं गेलं, पाकणी गेली. वाऱ्याने तिचा पदर उडत होता आणि ती तो धरायचं विसरली होती. दहा वर्षांत मी तिला अशी पाहिली नव्हती. मला कडब्याच्या गाडीचा पार विसर पडला.

लांबोटी ओलांडली आणि समोर दीडशे मेंढरं. मेंढरांचा धनी धुळाप्पा रस्त्याच्या मधोमध उभा राहून मोटारीकडे बघत होता, आणि धनी उभा म्हणून मेंढरं उभी. मी भोंगा वाजवला तर ती जवळ आली. ब्रेक दाबला, मोटार एकदा हुंदकली आणि बसली. मी उतरून दांडी घातली, फिरवली, फिरवली, घामाने निथळलो. धुळाप्पाने आणि त्याच्या भावाने ढकललं. सपाट रस्ता, काही होईना. मोहोळ अजून पाच मैल. वच्छलेने पदर सारखा केला आणि वाणाचं ताट घेऊन खाली उतरली. म्हणाली, चला, चालू लागू.

मला त्या वेळी रस्त्यात बसून रडावंसं वाटलं, आणि ते मी इथे कबूल करतो.

तेवढ्यात मागून घुंगरांचा आवाज आला. धोंडीराममामा. अखेर एकोणिसाव्या दिवशी त्यांना मनासारखी जोडी मिळाली होती, पांढरीशुभ्र खिलार. आदल्या दिवशी निघून, सावळेश्वरला मुक्काम करून ते पायी मोडनिंबला निघाले होते. त्यांनी मोटारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. मी आता बोलणं ऐकायच्या तयारीने मान खाली घातली. पण मामांनी वच्छलेच्या हातातलं ताट बघून खांद्यावरचं नवं दावं काढलं, जवळच धुळाप्पाचा तळ होता तिथल्या गाडीचं जू मागून आणलं, आणि जोडी मोटारीला जुंपली. वच्छलेला म्हणाले, "बस, पोरी. माहेरी चालत जायचं न्हाय."

अशी आमची स्वारी निघाली. मामा मोटारीच्या इंजिनाच्या पत्र्यावर मांडी घालून, हातात कासरा. मागे मी चाक धरून. मोहोळ जवळ येत गेलं तसं माझं काळीज पायांत उतरत गेलं. दहा वर्षांपूर्वी बैलांनी नेलं, आजही बैलच नेत होते. हिंदुरावांना पुढची वीस वर्षं पुरेल एवढा मजकूर मी घेऊन चाललो होतो.

मोहोळच्या अलीकडे रस्ता जरा उतरतो. मामा मागे न बघता म्हणाले, उतार लागलाय, बघ उठती का. मी कसलीही आशा न धरता गियर टाकला. मोटारीने आचका दिला, आणि धडाड् आवाज करून ती उठली. मामांच्या थेट खाली. बैलांनी आयुष्यात असा आवाज ऐकला नव्हता. ते उधळले. बैल पुढे पळतात म्हणून मोटार पळते आणि मोटार मागे गरजते म्हणून बैल पळतात. ब्रेक मला दाबवेना, कारण दाबला की ती बसणार. मामा पत्र्यावरून ओरडले, "आप्पा, अंग तापलंय हिचं." पण कासरा त्यांनी सोडला नाही. वेशीतून आम्ही शिरलो तेव्हा पारावरची माणसं पाराच्या पलीकडे गेली. बैल हिंदुरावांच्या दारापुढे आपोआप थांबले, कारण तिथे पाण्याचा हौद आहे. मोटारही थांबली आणि बसली.

धूळ खाली बसली. दारात पन्नास बायका आणि पुढे ताट घेऊन रंभावहिनी. वच्छलेचे केस सुटलेले, लुगडं धुळीने माखलेलं, वाणातले तीळ अंगभर. मी डोळे मिटून घेतले. वहिनींनी विचारलंच, पण त्यांचा आवाज निम्मा झाला होता. "वन्सं... यंदा कशावर बसून आलात?"

"सगळ्यावर, वहिनी," वच्छला म्हणाली. "मोटारीवरही आणि बैलांवरही. काही ठेवलं नाही."

आणि ती हसायला लागली. दाराची चौकट धरून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग वहिनी हसल्या, मग पन्नास बायका. हसणं तेच होतं, पण या खेपेला ती पुढे होती आणि ते तिच्या मागून चाललं होतं. मामांना पाटावर बसवून दूध दिलं गेलं. त्यांना काही दिवस बसण्यापेक्षा उभं राहणं सोयीचं गेलं, पण तक्रार नव्हती. जाताना दावं त्यांनी मोटारीलाच बांधून ठेवलं. हिला आता आपलं दावं झालं, एवढंच म्हणाले. हिंदुराव आता कडब्याची गोष्ट सांगत नाहीत. ही सांगतात. तीत परवापासून बैल चार झाले आहेत.

दोन वर्षांनी बार्शीचे एक तरुण डॉक्टर मोटार घ्यायला आले. हातात टाइप केलेली यादी. वच्छला म्हणाली, खरं ते सांगा. मी सगळं खरं सांगितलं. आधी पत्र्यावर हात ठेवून बघा, बांधलेली जागा बघा, आणि मुख्य म्हणजे तिला बसवून, गार करून, मग उठवून बघा. डॉक्टर जरा हसूनच म्हणाले, की वकीलसाहेब, हे यंत्र आहे, बैल नव्हे. मी त्यांच्याकडे पाहिलं आणि म्हणालो, की डॉक्टरसाहेब शिकलेले आहेत. धोंडप्पाची दांडी मात्र मी आधीच बैठकीमागे ठेवून दिली होती. मी काही बसलिंगप्पा नव्हे.

कागद लिहिताना वच्छला आतून बाहेर आली. तिने मोटारीच्या पुढचं मामांचं दावं सोडून घेतलं, हाताला गुंडाळलं आणि म्हणाली, की हे आमच्याकडे राहील. डॉक्टर म्हणाले, ठेवा की बाई, आणि मोठ्या मनाने स्वतःच्या हाताने त्यांनी शेवटचं कलम घातलं, की रिवाजाप्रमाणे दावं लिहून देणाराकडे राहील. मोटारीला दावं म्हणजे काय, हे त्यांनीही विचारलं नाही.